बालेवाडीवरचे चार संघ

पुण्यातलं बालेवाडीचं क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलं गेलं. वीस वर्षांनंतर, २०१४-१५ च्या हंगामात, तिथल्या एकाच फुटबॉल मैदानाला तीन व्यावसायिक संघ आपलं घर म्हणत होते. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी होता, कल्याणी समूहाचा नवाकोरा भारत एफसी होता आणि इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी होता. पुढच्याच हंगामात डीएसके शिवाजीयन्स आय-लीग या तेव्हाच्या अव्वल राष्ट्रीय लीगमध्ये उतरला आणि तोही तिथेच खेळू लागला. देशात क्वचितच कुठल्या शहराच्या वाट्याला इतका फुटबॉल आला असेल.

पाच वर्षांत यातला एकही संघ उरला नाही. भारत एफसी एकच हंगाम खेळला, शेवटच्या क्रमांकावर राहिला आणि बंद झाला. २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता ठरलेला, नावाजलेली अकादमी चालवणारा पुणे एफसी २०१५ मध्ये मिटला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ मध्ये बाहेर पडला. २०१९ मध्ये पुणे सिटीनेही गाशा गुंडाळला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली.

महाराष्ट्राने हे आधीही पाहिलं होतं. मुंबईच्या कूपरेज मैदानाच्या आसपास कंपन्यांचे, बँकांचे, रेल्वेचे संघ पिढ्यान्‌पिढ्या खेळत आले. खेळाडूला नोकरी मिळायची, गुडघा गेला तरी पगार चालू राहायचा. त्या व्यवस्थेला व्यावसायिक फुटबॉल म्हणता येणार नाही, पण तिने हजारो घरं चालवली. महिंद्राचा संघ १९६२ पासून होता. १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली, देशाला पहिल्यांदाच खरी राष्ट्रीय लीग मिळाली, आणि २००५-०६ मध्ये महिंद्रा युनायटेडने तिचं विजेतेपद मुंबईत आणलं. चारच वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीने संघ बंद केला आणि लक्ष शालेय फुटबॉलकडे वळवलं. राष्ट्रीय लीगचा पहिला विजेता, पंजाबच्या फगवाड्याचा जेसीटी, त्यानेही २०११ मध्ये संघ मोडला.

महिंद्राला विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक डेरिक परेरा पुढे पुणे एफसीकडे गेले आणि त्यांनी त्या संघाला दुसऱ्या क्रमांकापर्यंत नेलं. दोन्ही ठिकाणी त्यांचं काम चोख होतं. दोन्ही क्लब आज नाहीत. मैदानावर जिंकण्या-हरण्याशी क्लबच्या जगण्या-मरण्याचा संबंधच उरला नव्हता, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधायची गरज नाही.

मग संबंध कशाशी होता? एका मालकाच्या मर्जीशी आणि त्याच्या वर्षाच्या ताळेबंदाशी. संघ चालवायचा तर पगार, प्रवास, हॉटेल, सरावाचं मैदान, स्टेडियमचं भाडं हे सगळं पहिल्या दिवसापासून द्यावं लागतं. तिकिटं, प्रक्षेपण, जाहिराती, खेळाडूंची विक्री यातून येणारा पैसा उगवला तर दहा-पंधरा वर्षांनी उगवतो. भारतात तर मैदानही स्वतःचं नसतं. मधली वर्षं निभावून न्यायला मालकाबरोबर गावही उभं असावं लागतं. बालेवाडीच्या संघांना ते गाव जोडायला वेळच मिळाला नाही. २०१४ ची पहिली सुपर लीग १२ ऑक्टोबरला सुरू झाली आणि २० डिसेंबरला संपली. पुण्यासाठी फ्रान्सचा डेव्हिड त्रेझेगे आला, गर्दी जमली, दिवे मालवले. उरलेले नऊ-दहा महिने त्या संघाचा सामनाच नव्हता.

नावं विकून लीग उभी करण्याचा याहून करुण प्रयत्न कोलकात्यात झाला. जानेवारी २०१२ मध्ये प्रीमियर लीग सॉकरसाठी क्रेस्पो, कॅनाव्हारो, पिरेस, फाउलर या परदेशी ताऱ्यांचा लिलाव झाला. क्रेस्पोवर आठ लाख डॉलरच्या वर बोली गेली. त्या लीगमध्ये एकही सामना झाला नाही.

अमेरिकेने हा धडा आपल्या आधी, फार मोठी किंमत मोजून घेतला. १९७५ मध्ये पेले न्यूयॉर्क कॉसमॉसमध्ये आला, १९७७ मध्ये एका सामन्याला ७७,६९१ लोक आले, आणि या यशाच्या धुंदीत नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगने १९७८ मध्ये संघांची संख्या २४ वर नेली. १९८४ चा हंगाम तिचा शेवटचा ठरला. १९९६ मध्ये आलेली मेजर लीग सॉकर मात्र दहाच संघांनिशी सुरू झाली, खेळाडूंचे करार लीगनेच हातात ठेवले, आणि २००२ मध्ये दोन संघ बंद करावे लागले तरी टिकली. कोलंबसच्या संघाने १९९९ मध्येच फक्त फुटबॉलसाठी स्टेडियम बांधलं होतं.

आपल्याकडेही अपवाद आहे. बंगळूरु एफसी २०१३ मध्ये पैशाच्या जोरावर थेट आय-लीगमध्ये शिरला. पण त्याने सुनील छेत्रीसारखा कर्णधार आणला, वर्षभर शहरात काम केलं, पहिल्याच हंगामात विजेतेपद मिळवलं आणि गॅलरीत रोजचे प्रेक्षक घडवले. मालक श्रीमंत असणं हा दोष नव्हे. मालकाशिवाय कुणीच नसणं हा दोष आहे.

कोल्हापुरात चित्र उलटं आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं आधी पेठेची आहेत, मग संघाची. शाहू स्टेडियमवर सामना असला की घराघरांतून माणसं निघतात, आणि पेठेच्या ईर्ष्येपायी प्रसंगी हाणामारीही होते, ती निषेधार्हच आहे. या संघांत पैसा थोडा आहे, सोयी अपुऱ्या आहेत, खेळाडूला त्यावर आयुष्य काढता येत नाही. तरीही एखादा देणगीदार गेला म्हणून तालमीचा संघ मोडत नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

राष्ट्रीय पातळीवर मात्र वरूनच बांधकाम चालू राहिलं. डिसेंबर २०१० मध्ये फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांचा ७०० कोटींचा करार केला, त्यातूनच सुपर लीग आली. सुपर लीगला अव्वल दर्जा द्यायचं ठरलं तेव्हा, २०१६ मध्ये, गोव्याचे साळगावकर, स्पोर्टिंग आणि त्यांच्या पाठोपाठ, पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो आय-लीग सोडून गेले. ज्यांच्यामागे गावं होती तेच बाहेर पडले. करार संपत आला तेव्हा, जुलै २०२५ मध्ये, सुपर लीगचा नवा हंगामच लांबणीवर पडला आणि नोव्हेंबरमध्ये व्यापारी हक्कांच्या निविदेला एकही बोली आली नाही.

विदर्भातल्या शिरपूर जैनसारख्या गावातून हे सगळं फार दूरचं दिसतं. राष्ट्रीय लीग, आय-लीग, सुपर लीग यांच्या सर्वोच्च श्रेणीत विदर्भाचा एकही संघ खेळलेला नाही. पण विदर्भात फुटबॉल नाही असं म्हणण्याची सोय नाही: कामठी पिढ्यान्‌पिढ्या खेळते आहे, आणि नागपुरात विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी स्लम सॉकर उभं केलं. पुढची लीग काढायला जे कुणी पुढे येतील त्यांनी परदेशी ताऱ्याचा करार करण्याआधी जिल्हा लीगकडे पाहावं. सहा-आठ महिने नियमित सामने, एक धड मैदान, पंचांना वेळेवर मानधन आणि क्लबच्या कारभारात गावकऱ्यांना मत, एवढं वाशिम-अकोल्यापासून कामठीपर्यंत उभं करायला क्रेस्पोच्या बोलीइतका पैसा लागत नाही.