रानपिंगळा आणि एक खोटी चिठ्ठी

पिंगळा आपल्या सर्वांच्या ओळखीचा. जुन्या वडाच्या किंवा आंब्याच्या ढोलीत राहणारा, तिन्हीसांजेला चिरक्या आवाजात भांडल्यासारखा ओरडणारा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी. त्याच्या डोक्यावर आणि पाठीवर भरपूर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळा हा त्याचाच भाऊबंद. आकाराने साधारण तेवढाच. पण डोके आणि पाठ जवळजवळ बिनठिपक्यांची, पंखांवर व शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, छाती गडद तपकिरी, पोट पांढरे स्वच्छ, पायांवर दाट पांढरी पिसे आणि नख्या दणकट. दोघांतला फरक असा चार ओळींत मावतो. तरीही रानपिंगळा ११३ वर्षे कोणाही पक्षितज्ज्ञाला खात्रीने दिसला नाही. असे का झाले?

त्यासाठी एकोणिसाव्या शतकात जावे लागेल. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत ज्यांचा वाटा होता ते अ‍ॅलन ह्यूम पक्ष्यांचे मोठे अभ्यासक होते. 'स्ट्रे फेदर्स' नावाचे नियतकालिक ते चालवीत. देशभर विखुरलेले अधिकारी त्यांना पत्रे, अंडी आणि पेंढा भरलेले पक्षी पाठवीत. त्या काळी दुर्बिणीने ओळख पटवण्याची पद्धत रुजलेली नव्हती. पक्षी मारायचा, कातडे जपायचे आणि पायाला चिठ्ठी बांधून तीवर जागा, तारीख व नाव लिहायचे, हीच नोंद. १८७२ साली ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडमधून असा एक पिंगळा मिळवला. १८७३ मध्ये ह्यूम यांनी ती नवी जात म्हणून जाहीर केली आणि तिला ब्लेविट यांचे नाव दिले. १८७७ साली भूवैज्ञानिक व्हॅलेंटाइन बॉल यांना ओडिशात एक मिळाला. पुढे १८८० ते १८८४ या काळात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात आणखी काही नमुने गोळा केले. एकूण नमुने फक्त सात. १८८४ नंतर हा पक्षी जणू नाहीसाच झाला.

मात्र एक नोंद त्यानंतरची होती. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. गुजरातेत तापीकाठच्या मांडवीजवळ, ऑक्टोबर १९१४ मध्ये मिळवलेला, असे त्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते. कर्नल म्हणजे नामवंत पक्षितज्ज्ञ, ग्रंथकर्ते. त्यांच्या शब्दावर शंका कोण घेणार? रानपिंगळ्याची अखेरची नोंद १९१४ ची, असे मानले जाऊ लागले आणि शोध घेणारे त्या चिठ्ठीच्या आधाराने जाऊ लागले. अधूनमधून कोणी रानपिंगळा दिसल्याचे कळवी. तपासल्यावर तो साधा पिंगळा निघे. इकडे सातपुड्याच्या पायथ्याचे जंगल मात्र कमी होत होते.

१९९० च्या दशकात अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी कर्नलच्या संग्रहातले नमुने बारकाईने तपासायला घेतले. कर्नलवर संशय पूर्वीही घेतला गेला होता. परवानगीशिवाय नमुने बाहेर नेल्याबद्दल १९१९ साली ब्रिटिश म्युझियमने त्यांना पक्षिविभागात येण्यास काही काळ बंदीही केली होती. कातडे भरण्याची प्रत्येकाची एक ढब असते, हस्ताक्षरासारखी. रानपिंगळ्याच्या त्या नमुन्याची क्ष-किरणांनी तपासणी केली तेव्हा कातडे एकदा उसवून पुन्हा भरल्याचे दिसले, आणि मूळच्या कामाच्या ज्या खुणा उरल्या होत्या त्या डेव्हिडसन यांच्या होत्या. म्हणजे डेव्हिडसन यांनी मिळवलेलाच एक पक्षी म्युझियममधून चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावली होती.

खोटी नोंद वगळल्यावर खरी ठिकाणे उरली. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा धुंडाळल्या. तिथे काही मिळाले नाही. मग ते खानदेशात आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा उघड्यावर बसलेला दिसला. त्यांनी छायाचित्रे व व्हिडिओ चित्रण घेतले, म्हणजे इतरांनाही पडताळा घेता आला. हा पक्षी दिवसाही बराच वेळ जागा असतो, सरडे-उंदीर पकडतो, हे नंतरच्या अभ्यासातून नीट कळले. मेळघाटात आणि पुढे २०१४ साली मुंबईच्या जवळ, तानसा अभयारण्यातही तो सापडला. आज तो संकटग्रस्त मानला जातो.

गंमत म्हणजे पुढे गुजरातेत डांगच्या जंगलातही रानपिंगळा आढळला. मग कर्नलचे म्हणणे बरोबरच निघाले की! वर्गात एखादा विद्यार्थी असे नक्की म्हणेल, आणि त्यावर चर्चा जरूर व्हावी. डांगची नोंद तिथे पाहिलेल्या पक्ष्याच्या पुराव्यावर उभी आहे. मांडवीच्या चिठ्ठीला तिचा आधार मिळत नाही, कारण तो पक्षी मांडवीचा नव्हताच.

आज आपण पक्षी मारत नाही. तो पाहतो आणि मोबाइलवरून क्षणात शंभर जणांना कळवतो. पण चिठ्ठीचे काम आपल्या वहीलाच करावे लागते. म्हणून मुलांना पक्षी पाहायला नेताना काही सवयी लावून घेऊ. तारीख, वेळ आणि नेमकी जागा तिथल्या तिथे लिहावी. घरी जाऊन आठवून नव्हे. काय दिसले ते आधी लिहावे, नाव नंतर. 'डोक्यावर ठिपके नव्हते' ही नोंद आणि 'डोके नीट दिसले नाही' ही नोंद, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रकाश कसा होता, अंतर किती होते, आवाज ऐकला का, सोबत आणखी कोणी पाहिले का, हेही लिहावे. ओळख पटली नाही तर 'ओळख पटली नाही' असेच लिहावे. त्याचे गुण कापू नयेत. दुर्मीळ पक्ष्याचे घरटे सापडले तर जागा गावभर न सांगता जाणत्या अभ्यासकांना कळवावी.

आणि एखादी नोंद सरांनी किंवा बाईंनी केलेली असली, तरी 'तुम्हाला नक्की काय दिसले?' असे विचारायची मुभा मुलांना असावी. कर्नलना तो प्रश्न कोणी नेटाने विचारला असता, तर रानपिंगळ्याचा शोध कदाचित लवकर लागला असता.