वाघ आणि वसुबारस : चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचे स्मरण

आश्विन वद्य द्वादशीस आपल्या ज्ञातीतील घरोघरी सुवासिनी सवत्स धेनूची पूजा करतात. देवळाली कॅम्पात आता बंगल्यांच्या आवारात गाय राहिलेली नाही. तरी पाटावर रांगोळीने गाय-वासरू रेखून हा कुलाचार चालविणारी कुटुंबे आम्हांस ठाऊक आहेत. परंतु त्याच तिथीस आपल्या पश्चिमेस, त्र्यंबकेश्वराच्या डोंगरांपलीकडे, वारली बांधव वाघाची पूजा करतात व तिला वाघबारस म्हणतात, हे आपल्यापैकी कितीजणांस माहीत असेल? एकाच दिवशी एक समाज गाईला वंदन करतो आणि दुसरा तिच्या भक्षकाला. वरवर पाहता हा विरोध वाटतो. वस्तुतः तो विरोध नव्हे. रानात गुरे चारणाऱ्याला गाय आणि वाघ या दोघांशीही संबंध राखावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ. हा अर्थ ज्या एका पुरुषाने रेषांतून जगापुढे मांडला, त्या जिव्या सोमा म्हसे यांचा परिचय स्मरणिकेच्या वाचकांस करून द्यावा, असे आम्ही योजिले आहे.

जिव्या यांचा जन्म १९३४ साली, तत्कालीन ठाणे व आताच्या पालघर जिल्ह्यातील तलासरी तालुक्यात धामणगाव येथे झाला. वयाच्या सातव्या वर्षाच्या सुमारास मातृवियोग घडला आणि त्या धक्क्याने मुलाची वाचाच बसली. पुढे काही वर्षे हे पोर कोणाशी बोलत नसे. सांगावयाचे ते धुळीत रेघा ओढून सांगे. पाटी नव्हती, पेन्सिल नव्हती, गुरूही नव्हता. पुढे ज्या हाताची चित्रे परदेशी संग्रहालयांत गेली, त्या हाताचे पहिले शिक्षण असे मुकेपणाच्या शाळेत झाले.

वारल्यांमध्ये चित्र काढणे हे मूळचे पुरुषांचे काम नव्हे. विवाहप्रसंगी घराच्या कुडाच्या भिंतीवर शेणमातीचा व गेरूचा हात देऊन सवासिनी तांदळाच्या पिठाने ‘चौक’ लिहितात. बांबूची काडी हीच त्यांची लेखणी. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी स्त्री-पुरोहित गाणी म्हणते, आणि चौकावाचून लग्न लागत नाही. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणसाचे धड होते. वर्तुळातून सूर्य, चंद्र व मस्तक होते. रंग म्हणावा तर पांढरा तेवढाच. कार्य उरकल्यावर ते चित्र पुसट होत जाते, नव्या सारवणाखाली जाते, आणि लिहिणारीचे नाव कोठेच उरत नाही.

डहाणू तालुक्यातील गंजाड येथे राहणाऱ्या जिव्यांनी या परंपरेत दोन गोष्टी नव्या केल्या. पुरुष असूनही त्यांनी काडी हाती घेतली, आणि लग्नकार्याची वाट न पाहता ते रोज चित्रे काढू लागले. १९७० नंतरच्या काळात हातमाग व हस्तकला यांच्या सरकारी कार्यातून भास्कर कुलकर्णी हे कलावंत या पाड्यांवर आले. त्यांनी वारल्यांना कागद दिला व जिव्यांचा हात ओळखला. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड कलादालनात जिव्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले आणि पुढच्याच वर्षी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ साली पॅरिस येथील मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडली गेली. २००२ साली शिल्पगुरू, २००९ साली नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार व २०११ साली पद्मश्री, असे सन्मान पुढे येत गेले. ते मात्र गंजाड सोडून कोठे राहावयास गेले नाहीत. १५ मे २०१८ रोजी ते निवर्तले. सदाशिव व बाळू हे त्यांचे पुत्रही चित्रकारच.

या मानपत्रांपेक्षा चित्रांत काय आहे ते अधिक महत्त्वाचे. एका चित्रात मासे धरण्याचे जाळे बारीक रेघांनी पानभर पसरले आहे; दुसऱ्यात मुंग्यांची रांगच्या रांग चालली आहे; तिसऱ्यात तारपा वाजविणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांचे वेटोळे फिरते आहे. यांत माणूस कोठेही झाडाहून थोर काढलेला नाही. आपल्या दिवाणखान्यांतील तसबिरींत मनुष्य मध्यभागी बसतो व निसर्ग मागे पडद्यासारखा टांगलेला असतो. येथे पडदाच नाही. मुंगी, मासा, भात, वाघ आणि माणूस एकाच पांढऱ्या पिठातून उमटतात.

हे दूरच्या रानातील कौतुक म्हणून सोडून देता येण्यासारखे नाही. दारणेच्या काठच्या उसात बिबट्या आपणही ऐकतो व पाहतो. २०२० साली या परिसरात त्याच्या हल्ल्यांत जीव गेले. ज्या घरावर तो प्रसंग आला त्या घराला देवत्वाच्या गोष्टी सांगणे हा निर्दयपणा होईल. वारल्यांनाही वाघाचे भय होतेच. भय होते म्हणूनच त्यांनी त्याचा देव केला, त्याची सीमा मानली आणि आपलीही मानली. आपण मात्र भय बाळगतो, सीमा मानीत नाही.

अलीकडे आपल्या लग्नपत्रिकांच्या कडांवर वारली आकृत्या हौसेने छापल्या जातात. त्याला आमची हरकत नाही. मात्र त्या आकृत्या एका लग्नाच्या देवकार्यातून आलेल्या आहेत, एवढे तरी छापणाऱ्याने जाणावे. आणि आपल्याही घरी वसुबारसेची गाय रेखणारी एखादी वृद्ध माउली असेल, तर तिच्याजवळ मुलांना बसवावे, तिच्या रेषा कागदावर उतरवून घ्याव्यात व खाली तिचे नाव लिहावे. जिव्यांच्या हाती कोणीतरी कागद दिला म्हणून ते आपणांस कळले. ज्यांना तो मिळाला नाही, त्यांच्या रेषा सारवणाखाली गेल्या. आपल्या घरातील रेषा तरी तशा जाऊ नयेत, एवढीच आमची सर्व ज्ञातिबांधवांस व भगिनींस विनंती आहे.