रेगालेरा

रेगालेरा (किंता द रेगालेरा) : पोर्तुगालमधील सिंत्रा येथील प्रेक्षणीय इस्टेट. क्षेत्रफळ सु. ४ हेक्टर. लिस्बनच्या वायव्येस सु. २५ किमी.; लिस्बन–सिंत्रा लोहमार्ग १८८७ पासून. सिंत्रा नगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या ३,७७,८३५ (२०११).

एकोणिसाव्या शतकात ही जागा रेगालेराच्या बॅरनेसकडे होती, नाव तेव्हापासूनचे. १८९२ च्या सुमारास ती आंतोनियु औगुस्तू कार्व्हाल्यु मोंतैरू (१८४८–१९२०) याने विकत घेतली. त्याचा जन्म रिओ दे जानेरोचा. ब्राझीलमधील कॉफी व रत्नांच्या व्यापारातून घराण्याने अमाप पैसा मिळवला होता. फुलपाखरे व पोर्तुगीज कवी कामोइंश याच्याविषयीचे ग्रंथ जमवण्याचाही त्याला नाद होता. इटालियन वास्तुशिल्पी लुईजी मानिनी (१८४८–१९३६) याने बहुतेक बांधकाम १९०४–१० मध्ये केले. मानिनी मूळचा रंगभूमीचा नेपथ्यकार. वाडा, चॅपेल, गुहा व कारंजी पाहताना हे पदोपदी जाणवते.

मुख्य आकर्षण ‘दीक्षाविहीर’. हिची खोली २७ मी. उतारावरील शेवाळलेल्या धोंड्यांत फिरते दगडी दार आहे. ते ढकलले की विहिरीचा काठ लागतो. कडेने सर्पिल जिना खांब-कमानींमधून नऊ टप्प्यांत उतरतो. आपल्याकडील बारवेसारखी रचना असली, तरी ही पाण्यासाठी बांधलेलीच नाही. तळाशी रंगीत संगमरवरात टेम्पलर क्रॉस व त्यावर दिशादर्शक तारा आहे. तेथून अंधारे, ओलसर बोगदे फुटतात. एक बोगदा धबधब्याच्या तळ्याशी निघतो. पाण्यातील सुट्या दगडांवर पाय टाकत पलीकडे जावे लागते. जवळच सरळ जिन्यांनी जोडलेल्या वर्तुळाकार मजल्यांची ‘अपूर्ण विहीर’ आहे. चॅपेलच्या फरशीवर ख्रिस्त-संप्रदायाचा क्रॉस असून त्याभोवती पंचकोनी तारे आहेत.

नऊ टप्प्यांचा संबंध दान्तेच्या नरकवर्तुळांशी, तसेच फ्रीमेसन दीक्षाविधीशी जोडतात. हे अर्थ बव्हंशी मागाहून लावलेले आहेत. नेपथ्यकाराची करामत म्हणून पाहिल्यास वास्तूचा उलगडा अधिक होतो.

१९४० च्या दशकात इस्टेट दुसऱ्या कुटुंबाकडे, १९८७ मध्ये एका जपानी कंपनीकडे व १९९७ मध्ये नगरपालिकेकडे आली. १९९८ पासून लोकांस खुली. सिंत्राचा सांस्कृतिक भूप्रदेश १९९५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

पर्यटन हा सिंत्रातील मुख्य व्यवसाय. परिसरात कोलारिश वाइन होते.

जवळच्या पेन्या व्हेर्दे इस्टेटीचा मालक दों जुआंव द कास्त्रू हा पोर्तुगीज भारताचा व्हाइसरॉय होता; १५४८ मध्ये तो गोव्यात वारला. सोमनाथ येथील वाघेला राजा सारंगदेवाच्या काळातील संस्कृत शिलालेख (१२८७) त्यानेच आपल्या या इस्टेटीत आणला, असे मानतात. प्राच्यविद्यापंडित ब्यूलर याने त्याचा पाठ एपिग्राफिया इंडिका च्या पहिल्या खंडात ‘सिंत्रा प्रशस्ति’ म्हणून प्रसिद्ध केला.