काचेमागची पुस्तकं आणि वर सरकणारं दार

गेल्या मे महिन्यात चार शनिवार-रविवार घालवून मी पुस्तकांचं एक कपाट केलं. साधं नाही, बॅरिस्टर बुककेस! एकावर एक ठेवलेले तीन खण आणि प्रत्येकाला पुढे काचेचं दार. दार खालून धरून वर उचलायचं आणि आडवं झालं की पुस्तकांच्या डोक्यावरून आत ढकलायचं. हॉलीवूडच्या जुन्या सिनेमांत वकिलाच्या खोलीत हटकून दिसतं ते. आमचे सुतारमिस्त्री कागदावरचं चित्र बघून म्हणाले, "साहेब, बिजागरी लावा ना, दहा मिनिटांचं काम आहे." त्यांचं ऐकायला हवं होतं का? त्याचं उत्तर पुढे येईलच. पण मला काही बिजागरी नको होती. शिवाय हे असलं दार मुळात कुणाला आणि कशासाठी सुचलं, हे शोधताना मी बराच लांब गेलो, ते आधी सांगतो.

पुस्तकांना काच लावायची हौस जुनी आहे. लंडनचा सॅम्युअल पीप्स रोजनिशीसाठी प्रसिद्ध असला तरी त्याची नोकरी इंग्लंडच्या आरमाराच्या कचेरीत होती. 1666 च्या उन्हाळ्यात घरात पुस्तकं इतकी साठली की ती खुर्च्यांवर रचून ठेवायची वेळ आली (ओळखीचं वाटतंय ना?). तेव्हा त्याने सरकारी गोदीतल्या सिम्पसन नावाच्या सुताराला बोलावून ओकच्या लाकडाची, काचेच्या दारांची कपाटं करून घेतली. सरकारी माणसाकडून घरचं काम! असो. ऑगस्टमध्ये कपाटं उभी राहिली आणि 2 सप्टेंबरला लंडनची ती प्रसिद्ध आग लागली. पीप्सने घरचं सामान गाड्यांवर घालून हलवलं, वाईन आणि पार्मेझान चीज बागेत खड्डा करून पुरलं. नशिबाने घर वाचलं.

1703 साली तो वारला तेव्हा अशी बारा कपाटं आणि सुमारे तीन हजार पुस्तकं झाली होती. पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली. बुटक्या पुस्तकांच्या वरच्या कडा शेजाऱ्यांच्या बरोबरीने याव्यात म्हणून त्यांच्याखाली लाकडाचे ठोकळे! मृत्युपत्रात त्याने संग्रहाची घट्ट बांधणी करून ठेवली: यात एकही पुस्तक घालायचं नाही आणि एकही काढायचं नाही. 1724 पासून केंब्रिजच्या मॅग्डलीन कॉलेजात तो संग्रह त्याच कपाटांत आहे. रोजनिशीचे सहा खंड त्यातच होते, लघुलिपीत लिहिलेले. ते 1825 पर्यंत छापले गेले नाहीत. म्हणजे शंभर वर्षं काचेमागे सगळ्यांना दिसत होते, आणि वाचले कुणीच नव्हते.

त्या कपाटांच्या काचा लहान-लहान चौकटींच्या आहेत. मोठी सपाट काच तेव्हा फार महाग पडायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ती कारखान्यातून स्वस्तात मिळू लागली आणि आपली गोष्ट इथून अमेरिकेत जाते.

ओटो वेर्निके नावाच्या गृहस्थाने मिनिआपोलिसला पुस्तकांच्या कपाटाचा वेगळा विचार केला. 1892 च्या डिसेंबरात त्याला पेटंट मिळालं. कल्पना ऐकायला अगदी सोपी आहे. कपाट विकायचंच नाही, खण विकायचे. खाली एक पाया, वर एक टोपण, आणि मध्ये तुमच्याकडे असतील तितके खण. पुस्तकं वाढली की आणखी एक खण घ्या, टोपण काढा, खण ठेवा, टोपण लावा. खण निरनिराळ्या उंचीचे, पण बहुतेकांची रुंदी 34 इंच. 1899 साली सिनसिनाटीच्या ग्लोब कंपनीने, म्हणजे फायलींची कपाटं करणाऱ्यांनी, त्याची कंपनी घेतली आणि ग्लोब-वेर्निके हे नाव तयार झालं. जाहिरातीत ते कपाटाला 'इलास्टिक' म्हणायचे. पीप्सचं अगदी उलट! तिकडे एक पुस्तक आत-बाहेर व्हायला बंदी, आणि इकडे संग्रह कधी पुरा होतच नाही असं गृहीत धरलेलं.

आमच्या धंद्यातल्या लोकांना यात लगेच मॉड्यूल आणि इंटरफेस दिसायला लागतात. मलाही दिसले. खणाच्या वरच्या कडेवर एक कंगोरा आणि वरच्या खणाच्या तळाला त्याची जोडीदार खाच, हाच तो इंटरफेस. आणि तो बघून जे व्हायचं तेच झालं. मेसी, गन, लुंडस्ट्रॉम असे प्रतिस्पर्धी उभे राहिले. प्रत्येकाची खाच थोडी वेगळी, त्यामुळे एकाचा खण दुसऱ्यावर सहसा धड बसत नाही. एकदा ज्याचा पाया घेतलात त्याचेच खण जन्मभर घ्यायचे. व्हेंडर लॉक-इन आपण शोधला असं वाटत असेल तर तो गैरसमज काढून टाका.

'बॅरिस्टर' हे नाव या कपाटांना का पडलं? वकिलाला कचेरी बदलताना पुस्तकं न काढता भरलेले खणच्या खण उचलून नेता येतात, असं सांगतात. (मराठी माणसाला बॅरिस्टर आणि पुस्तकं हे दोन शब्द एकत्र ऐकले की दादरचं राजगृह आठवतं, ते वेगळं.) मी माझा भरलेला खण उचलून बघितला. सहज तीस किलोच्या वर असेल. दोन माणसं लागतात, आणि दुसरं माणूस बायको असेल तर आधी विचारून घ्यावं.

आता दाराकडे येऊ. कारण खरी गंमत आणि खरी डोकेदुखी तिथेच आहे.

दाराच्या वरच्या कोपऱ्यांना दोन बाजूंनी दोन खुंट्या. खणाच्या बाजूच्या फळ्यांना आतून खोबण, तिच्यात या खुंट्या सरकतात. खोबणीच्या खाली पुढच्या बाजूला आणखी एकेक खुंटी, तिच्यावर उचललेलं दार टेकतं. बस. (खोबणी पाडायच्या यंत्राला राऊटर म्हणतात. ऑफिसात "राऊटर मिळत नाहीये" म्हटल्यावर नेटवर्कवाला धावत आला.) दार 34 इंच रुंद आणि जेमतेम दहा इंच उंच. आता असं दार एका कोपऱ्याला बोट लावून आत ढकला. ते तिरकं होतं आणि अडकतं. रुंद ड्रॉवर ज्या कारणाने अडकतो, तेच कारण. गणित करायचं तर मध्यापासून जितक्या अंतरावर ढकलाल त्याच्या दुप्पट गुणिले घर्षणाचा गुणांक, इतकं दार खोबणीत आधाराला हवं. लाकडावर लाकूड, गुणांक 0.3 धरा. कोपरा मध्यापासून 17 इंच. म्हणजे 10.2 इंच. सरकायला सुरुवात होते तेव्हा आत असतो फक्त इंच-दीड इंच. अडकणारच!

ग्लोब-वेर्निकेने यासाठी दाराच्या मागे धातूच्या पट्ट्या कात्रीसारख्या जोडल्या. एक बाजू आत गेली की दुसरीला जावंच लागतं. म्हणून ती शंभर वर्षांची दारं आजही एका बोटाने सरकतात. मी पट्ट्या बसवल्या नाहीत. दोन हातांनी ढकलू की, त्यात काय! मे महिन्यात दारं झकास सरकत होती. मी पाहुण्यांना दाखवत सुटलो. खोबणीत अर्धा मिलीमीटर मोकळीक ठेवली होती आणि त्याचा मला अभिमान होता.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मधलं दार अर्ध्यावर अडकलं. लाकूड फुगलं होतं. मिस्त्री काही बोलले नाहीत, नुसते हसले.

पण ते किरकोळ. खरा फटका ऑगस्टमध्ये बसला. दाराच्या कडांना मी हौसेने नमद्याची पट्टी लावली होती, धूळ आत जाऊ नये म्हणून. खालच्या खणात काकांनी दिलेले दाते-कर्व्यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सातही खंड होते, 1932 ते 1938 दरम्यान निघालेले. त्यांचं तारुण्य ठाण्याच्या चाळीत उघड्या फळीवर गेलं आणि तिथे त्यांना काही झालं नाही. माझ्या काचेमागे दोन महिन्यांत चार खंडांच्या पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी आली. काका बघायला आले तेव्हा मी ते खंड आतल्या खोलीत ठेवले होते. त्यांनी काही विचारलं नाही, पण रिकामा खण त्यांना दिसला.

मग जरा डोकं चालवलं. सिनसिनाटीसारख्या शहरांत तेव्हा घरोघरी दगडी कोळसा जळायचा. काजळी सगळीकडे, आणि हिवाळ्यात शेगडीमुळे घरातली हवा कोरडी ठणठणीत. तिथे पुस्तकाचा शत्रू बाहेर होता, म्हणून घट्ट काच. आमच्याकडे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते आणि पासष्ट-सत्तरच्या पुढे बुरशीला निमंत्रण लागत नाही. ओल आत शिरतेच, पण बंद खणात हवा खेळत नाही. मी दुसऱ्याचं उत्तर उतरवून घेतलं होतं, आणि प्रश्न वाचलाच नव्हता.

खंड पंख्याखाली वाळवले, मऊ ब्रशने झटकले. दोन पुठ्ठ्यांवरचे डाग गेले नाहीत, आणि आता जाणारही नाहीत. नमदा काढून टाकला, पाठच्या प्लायला भोकं पाडली, खोबण दोन मिलीमीटरने मोकळी केली. आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं.

मिस्त्रींना मात्र एक गोष्ट मी आता दाखवून देतो. बिजागरीचं दार उघडं ठेवलं तर येता-जाता गुडघ्याला लागतं. हे दार वर उचलून आत सरकवलं की दिसतही नाही. जून ते सप्टेंबर तिन्ही दारं आत असतात.