अस्वल, बाहुली आणि बालमन

जर्मनीतील गिंगेन या लहानशा गावी मार्गारेटे श्टाइफ नावाची एक शिवणकाम करणारी बाई राहत असे. दीड वर्षाची असतानाच पोलिओने तिचे पाय गेले होते. उजव्या हातातही जोर नव्हता. तरी ती शिवणयंत्रावर बसली आणि स्वतःच्या पायांवर नव्हे, पण स्वतःच्या कष्टांवर उभी राहिली. १८८० साली तिने फेल्टचे छोटे हत्ती शिवले. ते टाचण्या टोचून ठेवण्यासाठी होते. पण घराघरांतल्या मुलांनी त्यांतल्या टाचण्या दूर सारल्या आणि हत्ती कुशीत घेतले. कापडी खेळण्यांच्या कारखानदारीचा आरंभ असा मुलांच्या हट्टातून झाला, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

पुढे १९०२ साली तिचा पुतण्या रिचर्ड याने हातपाय हलणारे अस्वल तयार केले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीत शिकारीला गेले असता, बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडण्यास त्यांनी नकार दिला. क्लिफर्ड बेरीमन या व्यंगचित्रकाराने तो प्रसंग वृत्तपत्रात रेखाटला, ब्रुकलिनच्या मॉरिस मिचटम या दुकानदाराने त्यावरून एक अस्वल दुकानात मांडले, आणि रूझवेल्टांच्या लाडक्या नावावरून ते ‘टेडी’ झाले. राजकारणातला एक किस्सा अशा रीतीने जगभरच्या मुलांच्या अंथरुणात जाऊन पोहोचला.

कापडाची बाहुली काही तेव्हाच जन्मली असे मात्र कोणी समजू नये. रोमन अमदानीतील इजिप्तमध्ये सापडलेली लिननची बाहुली ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्या पोटात चिंध्या आणि पपायरस भरलेला आहे. आपल्याकडेही जुन्या लुगड्याच्या तुकड्याला गाठी मारून आजीने बाहुली करून द्यावी, आणि नातीने तिचे बारसे, जेवण, आजारपण, लग्न सारे काही यथासांग करावे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. मग विसाव्या शतकात नवे ते काय घडले? नवे घडले ते एवढेच, की मूल बाहुलीशी जे बोलते ते मोठी माणसे कान देऊन ऐकू लागली. आम्हांला आज सांगायचा आहे तो इतिहास या ऐकण्याचा आहे.

मोठ्या माणसाच्या मनात काय सलते ते त्याला विचारता येते. तीन वर्षांच्या मुलाला विचारले, “तुला राग आला आहे की भीती वाटते?” तर त्याला उत्तर देता येत नाही, कारण त्याच्यापाशी भावना असते, पण तिचे नाव नसते. ही अडचण बर्लिनमध्ये मेलानी क्लाइन यांनी १९२०च्या दशकात ओळखली. मुलापुढे लहान लहान लाकडी माणसे, प्राणी, गाड्या मांडायच्या आणि त्याचा खेळ म्हणजेच त्याचे बोलणे असे समजायचे, ही त्यांची रीत. लंडनमध्ये मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी १९२८ साली मुलांसाठी चिकित्सालय काढले. तेथे वाळूचे तबक आणि खेळण्यांची पेटी असे. मूल त्या वाळूत आपले ‘जग’ उभारी. दोघींची शास्त्रे निराळी, वादही पुष्कळ. पण खेळ हा रिकामा वेळ घालवण्याचा उद्योग नसून ती मुलाची भाषा आहे, यावर दोघींचे एकमत होते.

या विचाराची खरी कसोटी दुसऱ्या महायुद्धाने घेतली. १ सप्टेंबर १९३९ पासून तीन दिवसांत ब्रिटनमधील शहरांतून सुमारे पंधरा लाख माणसे खेड्यांकडे हलवली गेली. त्यांत बहुसंख्य मुलेच होती. बाँबपासून देह वाचवायचा हा हेतू योग्यच होता. परंतु डोनाल्ड विनिकॉट, जॉन बोल्बी आणि इमॅन्युएल मिलर या तिघा वैद्यांनी त्याच डिसेंबरात एका वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहून बजावले, की लहान मुलाला आईपासून दीर्घकाळ तोडणे हीही एक इजाच आहे. लंडनमध्येच अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी युद्धकालीन शिशुगृहे चालवली. तेथील एका चार वर्षांच्या मुलाचे वडील बाँबहल्ल्यात गेले होते. तो कागदाची घरे करी, त्यांच्यावर बाँब टाकी. मात्र त्याच्या खेळात माणसे सगळी वाचत आणि घरे पुन्हा उभी राहत. हा खेळ तो पुन्हा पुन्हा खेळे. पुढे कित्येक महिन्यांनी वडील परत येणार नाहीत हे त्याच्या तोंडून निघाले, तेव्हाच तो खेळ थांबला. जे जिभेवर येत नव्हते ते बोटांनी बोलून घेतले होते.

विनिकॉट लंडनच्या पॅडिंग्टन ग्रीन रुग्णालयात चाळीस वर्षे मुले तपासत होते. ३० मे १९५१ रोजी त्यांनी एक निबंध वाचला. त्याचा विषय एखाद्या पंडितसभेला हसू यावे असा: मळकी गोधडी, कान तुटलेले अस्वल, दुपट्याचा कोपरा. मूल या वस्तूला इतके का चिकटते? विनिकॉट यांचे उत्तर असे, की ही वस्तू म्हणजे आई नव्हे आणि मूलही नव्हे; दोहोंमधला तो सेतू आहे. आई खोलीबाहेर गेली तरी जग बुडाले नाही, हे मूल त्या सेतूवर उभे राहून शिकते. मूल तिला कवटाळते, चावते, आपटते. आणि इतका राग सोसूनही ती टिकून राहते, हाच तिचा गुण. म्हणूनच शहाणी आई तिला घाईने धूत नाही, आणि प्रवासाला निघताना विसरत नाही.

एवढ्यावर हे प्रकरण संपते, तर मुलाला एक अस्वल आणून दिले की काम भागले, असे कोणीही म्हणाले असते. इतिहास तसे म्हणू देत नाही. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी एक चित्रपट दाखवला. अडीच वर्षांची होऊ घातलेली एक मुलगी साध्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहते. आईबापांच्या भेटीवर त्या काळी कडक निर्बंध असत, आणि गप्प बसलेले मूल ‘रुळले’ असे समजत. ही मुलगीही फारशी रडत नाही. ती आपले टेडी आणि पांघरुणाचा तुकडा घट्ट धरून बसते. पाहणाऱ्याला हळूहळू उमगते, की हे रुळणे नव्हे, हे गिळणे आहे. लंडनमधील वैद्यांच्या सभेत त्या चित्रपटावर रोष ओढवला. परंतु १९५९ साली प्लॅट समितीच्या अहवालाने आईबापांना मुलापाशी मोकळेपणी येऊ द्यावे अशी शिफारस केली. अस्वलाने मुलीला धीर दिला हे खरे; पण दार उघडावे लागले ते माणसांनाच.

अमेरिकेत हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांनी हेच कठोरपणे सिद्ध केले. पिलापुढे दोन खोट्या आया ठेवल्या, एक तारेची आणि एक मऊ कापडाची. दूध तारेच्या आईपाशी असले तरी पिलू बिलगे ते कापडाच्या आईला; भ्याले की तिच्याकडेच धावे. १९५८ साली हे निष्कर्ष त्यांनी मांडले तेव्हा ऊब ही भुकेइतकीच खरी गरज आहे हे जगाला पटले. मात्र ती पिले वाढली तेव्हा त्यांना कळपात नीट मिसळता येईना. कापड बिलगू देते. पण ते उलट बिलगत नाही.

या दोन्ही धड्यांचा मेळ अलीकडच्या एका उपक्रमात दिसतो. २००६ च्या लेबनॉन युद्धात उत्तर इस्रायलमधील मुले घरापासून दूर, भेदरलेली होती. तेथील मानसशास्त्रज्ञांनी त्यांना लांब हातांचे, उदास चेहऱ्याचे कापडी कुत्रे दिले. “हा तुझी काळजी घेईल,” असे त्यांनी सांगितले नाही. हे पिलू दुःखी आहे, तूच त्याला सांभाळ, असे सांगितले. ज्या मुलांनी त्याला अधिक जीव लावला त्यांची भीती अधिक ओसरली, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. कुत्र्याला काय झाले असेल हे सांगता सांगता मूल स्वतःचे सांगून मोकळे होते. आपले दुःख दुसऱ्याच्या नावावर घालून बोलणे सोपे जाते, हे ज्या समाजाने जात्यावर ओव्या गायिल्या त्याला तरी वेगळे समजावून सांगायला नको.

कोणी विचारील, आपल्या घरांत ही पाश्चात्त्य खेळणी हवीत कशाला? शंका रास्त आहे. इटलीत गॅडिनी दांपत्याने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत रोम शहरातील मुलांपेक्षा खेड्यांतील मुलांमध्ये अशी जिवलग वस्तू फारच थोड्यांपाशी आढळली. जेथे मूल माणसांच्या कुशीत झोपते तेथे अस्वलाचे काम माणूसच करतो. आपल्याकडे ते काम आजीच्या पदराने केले. पण आज ती आजी गावी राहते, आईबाप दोघे कामावर, आणि मूल दुसऱ्या खोलीत. तेव्हा अस्वल घरात आले तर त्यात नवल नाही. खरी चिंता निराळी आहे. अस्वल आले म्हणून ऐकणारे माणूस उठून गेले तर काय?

तेव्हा या इतिहासातून आपण घ्यायचे ते थोडके आहे. मूल बाहुलीला रागावत असेल तर “बाहुलीला असे मारू नये” म्हणून उपदेश करण्याऐवजी, बाहुलीने काय केले ते त्याला विचारावे. बाहुली रडत असेल तर ती का रडते ते त्याच्याच तोंडून ऐकावे, आणि आपले उत्तर त्याच्या तोंडी घालू नये. ज्या वस्तूवर मुलाचा जीव आहे ती मळकी म्हणून त्याच्या नकळत फेकू नये. मार्गारेटे श्टाइफच्या हत्तीतून मुलांनी टाचण्या काढून टाकल्या आणि त्याला आपलेसे केले. मोठ्यांच्या बोलण्यातल्या टाचण्या काढणे मात्र मोठ्यांच्याच हाती आहे.