कवच सांध्यावर फुटतं

दिंडोरी तालुक्यातल्या रामशेज किल्ल्याला मोगलांनी १६८२ मध्ये वेढा घातला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून झाडांचे बुंधे पोखरून लाकडी तोफा केल्या, असं मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो. रामशेजच्या गोष्टी या तोफांपाशी रंगतात. मला त्या काळच्या सरदारांच्या अंगावरचं चिलखत जास्त खुणावतं. एकमेकींत ओवलेल्या हजारो कड्या. चांगल्या चिलखतात कडीची टोकं चपटी करून, भोक पाडून, त्यात बारीक रिव्हेट ठोकत. हलक्या कामात टोकं नुसती भिडवत. त्या भिडवलेल्या तोंडाशीच कडी आधी उघडायची.

१९१६ मध्ये रणगाडे आले तेव्हाही पत्रे रिव्हेटनेच जोडलेले होते. बाहेरून मार बसला की रिव्हेटचा तुकडा तुटून आत उडायचा आणि आतल्याच माणसाला जखमी करायचा. तरी ही रीत दुसऱ्या महायुद्धापर्यंत टिकली. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात ब्रिटिशांचा व्हॅलेंटाइन पाहा आणि मग आपला विजयंता. पहिल्याच्या पोलादावर रिव्हेटची डोकी ओळीने दिसतात. दुसऱ्यावर वेल्डिंगची शिवण.

हा बदल मोठ्या प्रमाणावर घडवला तो वेल्डिंगतज्ज्ञ येव्हगेनी पाटोन यांनी. १९४१ मध्ये त्यांची संस्था कीव्हहून उरल भागातल्या निझनी तागिलला हलली आणि टी-३४ रणगाड्यांच्या सांगाड्यांना स्वयंचलित वेल्डिंग होऊ लागलं. रिव्हेट गेले. सांध्याचं दुखणं गेलं नाही.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं साधं पोलाद नीट जोडलं तर जोड पत्र्याइतकाच, कधी जास्तही, मजबूत होतो. कवचाच्या पोलादात उलट घडतं. ते तापवून झटकन थंड केलेलं, म्हणजे पाणी दिलेलं असतं. त्याच्या कठीण प्रकारांची कठीणता ब्रिनेल मापावर ५०० च्या आसपास. वेल्डिंगची उष्णता लागली की शिवणीलगतच्या काही मिलिमीटर पट्ट्यात हे पाणी उतरतं. त्यात रॉडही मुद्दाम मऊ स्टेनलेसचा घेतात, कारण ओलसर रॉडमधला हायड्रोजन कठीण पोलादात अडकला तर काही तासांनी, कधी दोन दिवसांनी, आपोआप तडा जातो. स्टेनलेस हायड्रोजनला सामावून घेतं. पण त्याची कठीणता २०० च्या घरात. पत्रा गोळी अडवतो, शिवण अडवेलच असं नाही.

यावरचं महत्त्वाचं काम भारतात झालं आहे. हैदराबादची संरक्षण धातुकर्म प्रयोगशाळा आणि तमिळनाडूचं अण्णामलै विद्यापीठ इथल्या संशोधकांनी तळाला आणि वर स्टेनलेस ठेवून मधे कार्बाइडयुक्त कठीण धातूचा थर भरला आणि त्या सांध्यांवर गोळ्या झाडून पाहिल्या. गोळी त्या थरावर अडली. मला हा उपाय फार शहाणा वाटतो, कारण तड्याची भीती आणि गोळीची भीती दोन्ही त्यात जमेस धरल्या आहेत. पण मधला थर कडेच्या पोलादाशी एकजीव झाला नाही तर तिथेच चीर सुरू होते, म्हणून त्याआधी कडांवर मऊ धातूचा हात द्यावा लागतो.

चिलखती गाडी विकत घेणाऱ्याने पत्र्याचं प्रमाणपत्र पाहून थांबू नये. गोळीची चाचणी शिवणीवर झाली आहे का, हे विचारावं आणि लेखी मागावं.