बरं वाटणं आणि बरं होणं

मुंबई-नाशिक हायवेवर वडप्याच्या आसपास थांबून मिसळ हाणली की हमखास आठवण होते ती गुलाबी डायजिनची, नाहीतर जेलुसिलची. गोळी चघळली, ढेकर आला, बरं वाटलं. विषय संपला! पण बरं वाटलं म्हणजे बरं झालं का? (टेस्टिंगवाल्यांनी हसू नये.) अल्सरच्या बाबतीत या प्रश्नाचं धड उत्तर मिळायला १९७७ साल उजाडावं लागलं.

ड्युओडेनम म्हणजे जठराला लागून असलेला आतड्याचा पहिला भाग. तिथे पडलेल्या जखमेवर शिकागोच्या बर्ट्राम सिप्पींनी १९१५ मध्ये उपाय सांगितला: दर तासाला दूध-साय आणि जोडीला अल्कलीची पूड. पुढे कित्येक दशकं डॉक्टर हेच देत राहिले. कशाच्या जोरावर? तर पेशंट म्हणतो, दुखायचं थांबलं!

मग लवचिक दुर्बीण आली आणि जखम डोळ्यांनी बघता येऊ लागली. अमेरिकेत वॉल्टर पीटरसन, जॉन फोर्डट्रान आणि मंडळींनी ७४ पेशंट घेतले. कुणाला अँटासिड, कुणाला प्लासिबो, हे ना पेशंटला माहीत ना डॉक्टरला. डोस मात्र जबरदस्त. प्रत्येक जेवणानंतर एका तासाने, पुन्हा तीन तासांनी, शिवाय झोपताना. दर वेळी ३० मिली. म्हणजे दिवसाला २१० मिली औषध! (मॅग्नेशियममुळे जुलाब व्हायचे ते वेगळेच.)

चार आठवड्यांनी दुर्बीण घातली. अँटासिडवाल्या ३६ पैकी २८ जणांची जखम पूर्ण भरली होती, प्लासिबोवाल्या ३८ पैकी १७ जणांची. औषध काम करतं, हे ठरलं. पण खरी गंमत पुढेच आहे. दुखणं थांबण्यात दोन्ही गटांत फरक नव्हता! दुखणं गेलं म्हणून जखम गेली असं काही सांगता येईना. साठ वर्षं ज्या पुराव्यावर सगळं चाललं होतं, तोच कुचकामी निघाला. वर प्लासिबोवरही निम्म्याच्या आसपास जखमा भरल्या, हे तर प्रत्येक औषध कंपनीने भिंतीवर लिहून ठेवावं.

बरं, भरलेली जखम पुन्हा उघडली तर? हा प्रश्न आपल्या मुंबईत विचारला गेला. पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा यांच्यापुढे देशभरचे रेल्वे कर्मचारी होते. नोकरी तीच, ताटं वेगळी. दक्षिणेकडे अल्सर जास्त, पंजाबकडे कमी असं त्यांना दिसलं. चपाती चावावी लागते, लाळ जास्त सुटते, असा त्यांचा तर्क. १९७८ मध्ये त्यांनी मुंबईतल्या पेशंटांचा पाच वर्षांचा हिशोब छापला. अल्सर एकदा भरल्यावर भातावर राहिलेल्यांपैकी ८१ टक्के लोकांचा तो परतला; कोंड्यासकट गव्हाच्या पंजाबी जेवणावर असलेल्यांपैकी १४ टक्के. पेशंट मोजकेच होते, आणि पानात भात आहे की चपाती हे पेशंटपासून कसं लपवणार? तरी भिवंडी-वडप्याकडच्या पिढ्यान्‌पिढ्या भात खाणाऱ्यांनी दचकावं असाच आकडा.

नंतर पर्थच्या वॉरन आणि मार्शलनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू पकडला, २००५ चं नोबेल मिळवलं, आणि जंतू मारला की बहुतेकांचा अल्सर परतत नाही हे कळलं. मल्होत्रांचा भात मात्र तेवढ्याने निकालात निघाला नाही. हा जंतू भारतात उत्तरेकडेही भरपूर आणि दक्षिणेकडेही. मग अल्सर एकीकडेच जास्त का?